पासवर्ड बदलायचा कुणी?

नेटबँकिंगवर शिल्लक बघणाऱ्या खातेदाराचा पासवर्ड पहिल्या दारापाशीच संपतो. तिथून पुढे वेब ॲप्लिकेशन आतल्या डेटाबेसकडे किंवा मेनफ्रेमवरच्या सीआयसीएस या व्यवहार-प्रणालीकडे जातं, ते बहुतेक वेळा खातेदाराच्या नावाने नाही. त्याचं स्वतःचं एक खातं असतं, त्याला यूजर आयडी असतो, पासवर्ड असतो, आणि दिवसभरात आलेल्या सगळ्या लोकांची कामं त्या एकाच नावावर पार पडतात. खातेदाराच्या पासवर्डभोवती बँकांनी केवढी तटबंदी उभारली आहे: ओटीपी, मुदत संपली की बदलण्याची सक्ती, दोन-तीनदा चुकलं की खातं बंद. त्याच्याहून कितीतरी पट ताकदवान असलेला हा दुसरा पासवर्ड मात्र पुष्कळ ठिकाणी सिस्टीम पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी कुणीतरी ठरवलेला असतो आणि नंतर त्याला कुणी हात लावलेला नसतो. याला आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण अशा सिस्टीम उघडून बघितल्या की कळतं, हात लावायची सोयच कुणी ठेवलेली नसते. मिडलवेअरच्या कामात वर्षानुवर्षं राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. ॲप्लिकेशनच्या साइन-ऑनची व्यवस्था चांगली की वाईट, हे पासवर्ड किती खोल लपवला यावरून ठरवू नये. तो किती सहज बदलता येतो आणि बदलताना किती जणांचे पाय धरावे लागतात, यावरून ठरवावं.

या कामाच्या दोन रीती आहेत. पहिलीत कनेक्शन मागतानाच प्रोग्रामने यूजर आयडी आणि पासवर्ड पुढे करायचा. दुसरीत प्रोग्रामने नुसतं कनेक्शन मागायचं आणि ओळख पटवण्याचं काम ॲप्लिकेशन सर्व्हरवर सोडायचं. जावाच्या जगात ही निवड एका छोट्या नोंदीत होते. डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टरमध्ये बाहेरच्या सिस्टीमचा रिसोर्स रेफरन्स लिहिताना ‘रेस-ऑथ’ या टॅगमध्ये ‘ॲप्लिकेशन’ लिहायचं की ‘कंटेनर’ (म्हणजे सर्व्हर), एवढाच काय तो फरक. पुढे ॲनोटेशन आली, तेव्हा काहीच न लिहिल्यास ‘कंटेनर’ धरायचं असं ठरलं. २००१ साली जेटूईई १.३ सोबत कनेक्टर आर्किटेक्चर आलं आणि डेटाबेसला लागू असलेली ही शिस्त मेनफ्रेम, ईआरपी अशा जुन्याजाणत्या सिस्टीमनाही लागू झाली. या मांडणीत एक गोष्ट मला तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते. कोड लिहिणारा वेगळा, तो सर्व्हरवर चढवणारा वेगळा आणि सर्व्हर रोज चालवणारा वेगळा, हे तिने गृहीत धरलं. प्रत्यक्षात लहान टीममध्ये तिन्ही कामं एकच माणूस करतो, हे खरं. पण ज्या माहितीची मालकी एका भूमिकेकडे आहे ती दुसऱ्या भूमिकेच्या फाइलमध्ये सापडू नये, हा आग्रह तिथे नीट मांडला गेला.

वेबस्फिअर या ॲप्लिकेशन सर्व्हरमध्ये ही मांडणी कशी उतरते ते बघण्यासारखं आहे, कारण पुण्या-मुंबईतल्या किती तरी लोकांची नोकरी अजून त्याच कन्सोलवर चालते. तिथे यूजर आयडी आणि पासवर्डची जोडी एका टोपणनावाखाली ठेवतात, त्याला जेटूसी ऑथेंटिकेशन एलियस म्हणतात. डेटा सोर्स किंवा कनेक्शन फॅक्टरी बनवताना त्यात पासवर्ड लिहीत नाहीत, फक्त एलियसचं नाव निवडतात. ॲप्लिकेशन डिप्लॉय करणारा त्यातला रिसोर्स रेफरन्स खऱ्या डेटा सोर्सशी जोडतो आणि हवं तर तिथेही एलियस ठरवतो. त्यामुळे तोच कोड, त्यातलं अक्षरही न बदलता, टेस्टिंगच्या सर्व्हरवर एका खात्याने जातो आणि प्रॉडक्शनवर दुसऱ्या. कोड लिहिणाऱ्याला प्रॉडक्शनचा पासवर्ड माहीत असण्याचं कारणच उरत नाही. शिवाय एक्सए रिकव्हरीसाठी वेगळा एलियस देण्याची सोय असते, आणि तिथेच ही रीत का हवी याचं एक उत्तर दडलेलं आहे. दोन डेटाबेसमध्ये मिळून चाललेला व्यवहार अर्ध्यावर असताना सर्व्हर कोसळला, तर पुन्हा उठल्यावर त्याला स्वतःहून दोन्हीकडे जाऊन लटकलेल्या व्यवहारांचा निकाल लावावा लागतो. त्या वेळी कुणी यूजर लॉगइन केलेला नसतो, ॲप्लिकेशनचा कोडही चालू नसतो. पासवर्ड कोडच्या पोटात असेल तर सर्व्हरने जायचं कुणाच्या नावाने?

हे सगळं समजावताना आमच्याकडे सर्रास दिलं जाणारं कारण मात्र वेगळंच असतं: पासवर्ड सर्व्हरवर ठेवला की तो सुरक्षित राहतो. हे कारण लंगडं आहे, आणि ते लंगडं आहे हे उघड सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. वेबस्फिअर हे एलियस ‘सिक्युरिटी’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये ठेवतं आणि पासवर्डच्या आधी महिरपी कंसात ‘एक्सऑर’ अशी खूण असते. म्हणजे काय, तर प्रत्येक अक्षराची अधोरेषेच्या चिन्हाशी एक्सऑर क्रिया करायची आणि आलेलं बेस-६४मध्ये लिहायचं. हे उलटं फिरवायला शाळकरी मुलाला पाच मिनिटं पुरतील. त्यासाठीच्या तयार स्क्रिप्टही जागोजाग मिळतात. जेबॉस या दुसऱ्या ॲप्लिकेशन सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये डेटा सोर्सचा पासवर्ड ब्लोफिशने एन्क्रिप्ट करणारं एक लॉगइन मॉड्यूल होतं. ब्लोफिश हा खरोखरीचा सायफर आहे, पण त्याची की त्या मॉड्यूलच्या सोर्स कोडमध्येच लिहिलेली होती, ‘जास इज द वे’, आणि तो सोर्स कोड जगाला खुला. वेबलॉजिक याहून बरं: तिथे पासवर्ड एईएसने एन्क्रिप्ट होतात आणि की प्रत्येक डोमेनची वेगळी असते. पण ती ज्या ‘सीरियलाइज्ड सिस्टीम आयएनआय’ फाइलमधून मिळते ती त्याच डोमेनच्या फोल्डरमध्ये असते. कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या कोनाड्यात ठेवली, असाच हा प्रकार. टॉमकॅट बनवणाऱ्यांनी तर हे सोंगच आणलं नाही. पासवर्ड साध्या अक्षरांतच राहील, कारण सर्व्हरला माणसाच्या मदतीशिवाय सुरू व्हायचं असेल तर त्याला पासवर्ड उलगडता आलाच पाहिजे, आणि जे सर्व्हरला उलगडता येतं ते सर्व्हरच्या फाइली वाचू शकणाऱ्या कुणालाही येतं, अशी त्यांची भूमिका आहे. ऑडिटरला ती पटत नाही. मला पटते.

मग पासवर्ड सर्व्हरकडे देऊन मिळवलं काय? लपवणं साधत नसेल तर हा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी कोडमध्ये राहिलेल्या पासवर्डचं पुढे काय होतं ते बघावं. २०१४मध्ये उबरच्या एका डेटाबेसची की गिटहबवर जाहीरपणे ठेवलेल्या मजकुरात सापडली आणि तिच्या आधारे हजारो चालकांची माहिती बाहेर गेली. दोन वर्षांनी त्याच कंपनीच्या खासगी रिपॉझिटरीत चोर शिरले, तिथे ॲमेझॉनच्या क्लाउडची ओळखपत्रं होती, आणि या वेळी ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. कंपनीने ते सांगितलं २०१७च्या नोव्हेंबरमध्ये. २०१९च्या एनडीएसएस परिषदेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलं की गिटहबवरच्या एक लाखाहून अधिक रिपॉझिटरींमध्ये अशी गुपितं पडलेली आहेत. या उदाहरणांतून सहसा निघणारा धडा असा की कोडमध्ये पासवर्ड ठेवू नका, तो दिसतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गिटमध्ये गेलेला पासवर्ड पुढच्या कमिटमध्ये पुसला तरी इतिहासात राहतो आणि क्लोन केलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर राहतो. म्हणजे तो पुसणं हा उपाय होऊच शकत नाही. बदलणं हा एकच उपाय. आणि पासवर्ड कोडमध्ये असेल तर बदलणं म्हणजे कोड बदलणं, पुन्हा बिल्ड, पुन्हा टेस्टिंग, रिलीजची तारीख, मॅनेजरची सही. ज्या घटनेनंतर तासाभरात पासवर्ड बदलायला हवा, तिच्यासाठी संस्था पुढच्या महिन्याच्या रिलीजची वाट बघत बसते. हे डेव्हलपरच्या बेफिकिरीमुळे होत नाही. पासवर्ड चुकीच्या ठिकाणी ठेवला की शहाणी माणसंही असंच वागतात.

सर्व्हरवरची एक नोंद बदलून काम होतं, हे म्हणायला सोपं. प्रत्यक्षात पासवर्ड बदलण्याच्या कामात एवढी मेख असते की ते किती ठिकाणी टाळलं जातं याचं नवल वाटू नये. कनेक्शन पूलचंच बघा. डेटाबेसशी नवं कनेक्शन जोडणं महाग असतं, म्हणून सर्व्हर काही कनेक्शन उघडून ठेवतो आणि तीच आळीपाळीने वापरायला देतो. ओळख तपासली जाते ती कनेक्शन उघडताना, एकदाच. त्यामुळे डेटाबेसमध्ये पासवर्ड बदलला आणि सर्व्हरवर बदलायचा राहिला, तरी लगेच काहीच बिघडत नाही. जुनी कनेक्शन निवांत चालू असतात, बदल करणारा ‘सगळं ठीक’ असा मेल टाकून घरी जातो. घोटाळा उघड होतो तो पूलला नवं कनेक्शन लागतं तेव्हा, म्हणजे नेमकी गर्दी वाढते तेव्हा किंवा सर्व्हर रिस्टार्ट होतो तेव्हा. त्यात ओरॅकलच्या ११जी आवृत्तीपासून डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये पासवर्डची मुदत १८० दिवसांची, वर सात दिवसांची सवलत, आणि दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक. माणसासाठी हे नियम समजू शकतात. पण पूल म्हणजे अथक प्रयत्न करणारं यंत्र. जुना पासवर्ड घेऊन तो दार ठोठावत राहतो, दहा प्रयत्न काही क्षणांत संपतात, खातं लॉक होतं आणि मग ज्या सर्व्हरवर नवा पासवर्ड बरोबर घातला आहे तोही बाहेर राहतो. खातं लॉक होणार नाही अशी तजवीज केली तरी सुटका नाही: चुकीच्या प्रयत्नांनंतर डेटाबेस मुद्दाम उशीर लावतो आणि त्याच खात्याने बरोबर पासवर्ड घेऊन आलेलेही त्या रांगेत अडकतात. चार सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये एका सर्व्हरवरची एक विसरलेली नोंद सगळा क्लस्टर झोपवू शकते. म्हणून मग डेटाबेस बघणारे लोक ॲप्लिकेशनच्या खात्यांना मुदत नसलेलं वेगळं प्रोफाइल लावतात आणि विषय संपवतात. वर ज्याला कुणी हात लावत नाही म्हटलं तो पासवर्ड असा जन्माला येतो.

यावर जुन्या लोकांची एक युक्ती होती, आणि अजूनही ती चांगली आहे. ॲप्लिकेशनला सारख्याच अधिकारांची दोन खाती द्यायची. एक वापरात, एक राखीव. बदलायची वेळ आली की राखीव खात्याचा पासवर्ड बदलायचा, एलियसमध्ये ते खातं घालायचं, एकेक सर्व्हर सावकाश रिस्टार्ट करायचा, आणि जुन्या खात्याने कुणी येत नाही अशी खात्री झाली की ते बंद करायचं. कुठल्याही क्षणी बरोबर असलेल्या दोन वाटा असतात, त्यामुळे घाई नाही. डेटाबेस बनवणाऱ्यांना ही गरज पटायला फार वेळ लागला. मायएसक्यूएलने ८.०.१४ या आवृत्तीत एकाच खात्याला तात्पुरते दोन पासवर्ड चालतील अशी सोय केली; ओरॅकलनेही पासवर्ड रोलओव्हरची मुदत २१सीमध्ये आणली आणि मग १९सीच्या नंतरच्या अपडेटमध्ये मागे नेऊन दिली. या सोयी गुपित राखायला कणभरही मदत करत नाहीत. उलट काही काळ दोन पासवर्ड चालतात म्हणजे कागदावर धोका थोडा वाढतोच. तरीही त्या द्याव्या लागल्या, कारण बदल जमत नव्हता. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा शोधायची गरज मला वाटत नाही.

यावर एक आक्षेप वाचन असलेल्या माणसाकडून येतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं म्हटलं आहे. मग तुम्ही अजून बदलाचाच जप का करता? पण ती सूचना माणसाने लक्षात ठेवायच्या पासवर्डबद्दल आहे. माणसाला दर तीन महिन्यांनी बदल करायला लावला की तो शेवटचा आकडा एकाने वाढवतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सर्व्हरला काही लक्षात ठेवायचं नसतं; त्याला दर वेळी चाळीस अक्षरांचा वेडावाकडा पासवर्ड दिला तरी त्याची तक्रार नसते. शिवाय माझा मुद्दा मुदतीचा नाहीच. वर्षभर पासवर्ड बदलला नाही तरी चालेल, पण टीम सोडून माणूस गेला, लॅपटॉप हरवला, लॉगमध्ये चुकून पासवर्ड छापला गेला, तर त्याच दिवशी तो बदलता आला पाहिजे. आणि जी गोष्ट अधूनमधून केली जात नाही ती संकटाच्या दिवशी पहिल्यांदा नीट जमत नाही. कार्डव्यवहारांच्या सुरक्षेचं मानक असलेल्या पीसीआय डीएसएसच्या चौथ्या आवृत्तीने २०२२मध्ये ॲप्लिकेशन आणि सिस्टीम खात्यांबद्दल स्वतंत्र कलमं घातली, ती ३१ मार्च २०२५नंतर बंधनकारक झाली. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये किंवा कोडमध्ये लिहू नये, आणि तो किती काळाने बदलायचा हे संस्थेने स्वतःच्या धोक्याचा विचार करून ठरवावं, असा त्यांचा रोख आहे. ही वाट मला शहाणपणाची वाटते.

दुसरा आक्षेप तरुण डेव्हलपरांचा: एवढा अवजड सर्व्हर हवा कशाला, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये पासवर्ड ठेवला की तो कोडच्या बाहेर गेलाच ना? गेला, आणि कोडमध्ये असण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. हेरोकूच्या लोकांनी मांडलेल्या बारा सूत्रांमध्ये हेच सांगितलं आहे आणि लहान सेवेसाठी मी स्वतः ते नाकारणार नाही. पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्या प्रोसेसने सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रोसेसकडे वारशाने जातं आणि काही कोसळल्यावर तयार होणाऱ्या रिपोर्टमध्ये आयतं छापलं जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात मालकीचा प्रश्न सुटत नाही. ते व्हेरिएबल ज्या डिप्लॉयमेंट स्क्रिप्टमध्ये लिहिलं जातं ती कुणाची? बहुतेकदा पुन्हा डेव्हलपरचीच. ॲप्लिकेशनने व्हेरिएबल वाचून स्वतः साइन-ऑन केला की पूल, रिकव्हरी आणि बदलानंतर जुनी कनेक्शन काढून टाकण्याची जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडते, आणि प्रत्येक टीम ती आपापल्या परीने अर्धवट पार पाडते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. सर्व्हर एकाच खात्याने आत जातो, म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने सगळी कामं एकाच माणसाने केलेली. रात्री कुणी एखाद्याच्या कर्जखात्यातली नोंद बदलली, तर डेटाबेसच्या ऑडिटमध्ये दिसतं ॲप्लिकेशनचं नाव. खरा माणूस ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये शोधावा लागतो, आणि तो लॉग ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांच्या मर्जीवर. मेनफ्रेमवाल्यांना हे कधीच रुचलं नाही. मेनफ्रेमवरची सुरक्षा सांभाळणारं रॅकएफ १९७६पासून त्यांना प्रत्येक कामामागे एक नाव असण्याची सवय लावून बसलं आहे, आणि वेबच्या बाजूने हजारो लोक एकाच नावाने येतात ही त्यांना अराजकाची सुरुवात वाटली. कनेक्टर आर्किटेक्चरमध्ये याला वाट ठेवलेली आहे: लॉगइन केलेल्या माणसाच्या ओळखीवरून आतल्या सिस्टीममधली त्याची ओळख शोधून देणारं मॅपिंग मॉड्यूल लावता येतं. पण मग प्रत्येकाचं कनेक्शन वेगळं. एकाच्या नावाने उघडलेलं कनेक्शन दुसऱ्याला देता येत नाही, पूलचे बारीक तुकडे होतात आणि पूल ठेवण्याचं कारणच संपतं. यावरची तडजोड डेटाबेसच्या बाजूने आली. डीबीटूमध्ये २००७च्या सुमारास ट्रस्टेड कॉन्टेक्स्ट आला, ओरॅकलमध्ये प्रॉक्सी ऑथेंटिकेशन होतंच: सर्व्हरने आपल्या खात्याने कनेक्शन उघडावं आणि मग त्याच कनेक्शनवर ‘आता हे काम अमक्यासाठी’ असं सांगावं. किमानपक्षी जेडीबीसी ४.०पासून कनेक्शनला क्लायंटची माहिती चिकटवता येते. ती अधिकार बदलत नाही, पण ऑडिटमध्ये उमटवता येते. या सोयी फार थोडे लोक वापरतात. एका नावाने आत जाण्याची ही किंमत खरी आहे आणि ती बहुतेक संस्था न मोजताच देतात, हे मी कबूल करतो. मात्र पासवर्ड कोडमध्ये ठेवणारं ॲप्लिकेशनही एकाच नावाने जातं. तेव्हा हा आक्षेप सामायिक खात्यावरचा आहे, सर्व्हरने साइन-ऑन करण्यावरचा नाही.

सगळी ओळखपत्रं एका सर्व्हरकडे दिली की तो फुटला तर सगळंच गेलं, हेही ऐकू येतं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण २०१९चं, कॅपिटल वन या बँकेचं. तिथे कोडमध्ये पासवर्ड नव्हता. क्लाउडवरच्या मशीनला रोल दिलेला होता आणि तात्पुरती ओळखपत्रं मशीनला आपोआप मिळत होती, म्हणजे पुस्तकात लिहावी अशी व्यवस्था. हल्लेखोराने चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या फायरवॉलला फसवून तिच्याचकरवी ती ओळखपत्रं मागवली, आणि त्या रोलला गरजेपेक्षा कितीतरी जास्त वाचायची परवानगी असल्याने अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती उचलली. ॲमेझॉनने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओळखपत्रं देणाऱ्या सेवेची अधिक कडक आवृत्ती आणली. सर्व्हरने सांभाळलेलं ओळखपत्र ॲप्लिकेशनच्या हातून दुसऱ्याच्या कामाला जुंपता येतं, हे यातून शिकायलाच हवं. म्हणून त्या खात्याचे अधिकार तोकडे ठेवणं हे एलियस बनवण्याइतकंच मूळ काम आहे. आणि काही हल्ले या सगळ्याच्या बाहेरून येतात. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यात एटीएमच्या मागण्या कोअर बँकिंगपर्यंत पोचूच न देता मध्येच मंजूर केल्या गेल्या. आतल्या सिस्टीमला विचारलंच नाही तर तिच्या दाराशी कुठलं ओळखपत्र दाखवायचं हा प्रश्न उद्भवत नाही. सर्व्हरने साइन-ऑन केल्याने सगळी संकटं टळतात असा दावा मी करत नाही. संकटानंतर आवरायला घेता येतं, एवढाच माझा दावा आहे.

क्लाउड आल्यावर हे सगळं जुनं झालं, असं म्हणणाऱ्यांशी मी फारसा वाद घालत नाही. हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट मागणी येताच डेटाबेसमध्ये नवं खातं उघडतं आणि मुदत संपली की पुसून टाकतं. म्हणजे ॲप्लिकेशनने पासवर्ड बाळगू नये आणि तो कधीही बदलता यावा, हाच विचार टोकाला नेलेला. यातही नवं किती, हा प्रश्न आहेच. रॅकएफमध्ये पासटिकीट नावाचा प्रकार कितीतरी आधीपासून आहे: पासवर्डच्या जागी तेवढ्यापुरतं तयार केलेलं आठ अक्षरांचं तिकीट, साधारण दहा मिनिटांत निकामी होणारं. नव्या साधनांनी बदलणं जवळपास फुकट केलं, हे त्यांचं खरं मोल.

एलियस नीट बनवले, रेस-ऑथ कंटेनरकडे दिलं, तरी व्यवस्था अडकते ती एका जागी, आणि तिचा कन्सोलशी काही संबंध नाही. एकच खातं सहा ॲप्लिकेशन वापरतात. कुठल्यातरी जुन्या प्रोजेक्टसाठी काढलेलं खातं, त्याला सगळे अधिकार आहेत, म्हणून पुढच्याने तेच घेतलं, मग रिपोर्टवाल्यांनी घेतलं, मग कुणी तरी एक्सेलच्या शीटमधून थेट डेटाबेसशी जोडणी केली. आता पासवर्ड बदलायला सहा टीमची एकाच रात्री परवानगी हवी, म्हणून तो बदलला जात नाही. मूळ ॲप्लिकेशन निवृत्त झालं तरी खातं जिवंत राहतं, कारण ते आणखी कोण वापरतं हे छातीठोक सांगायला कुणी पुढे येत नाही. इथे हुशारीपेक्षा चिकाटी लागते. डेटाबेसचं लॉगइन ऑडिट सुरू करून कुठल्या मशीनवरून, कुठल्या प्रोग्राममधून हे नाव येतं त्याची यादी काढायची, प्रत्येकाला आपलं वेगळं खातं आणि वेगळा एलियस द्यायचा, अधिकार त्या-त्या कामापुरते कापायचे. जुनं खातं मात्र लगेच ड्रॉप करायचं नाही, नुसतं लॉक करून ठेवायचं, आणि निदान एक ३१ मार्च उलटून जाऊ द्यायचा. वर्षातून एकदाच चालणारे बॅच जॉब त्या रात्रीशिवाय आपलं तोंड दाखवत नाहीत.